हजेरी कळते, मत कळत नाही

अधिवेशन संपलं की आठवड्याभरात खासदारांची प्रगतिपुस्तकं फिरू लागतात. अमक्याची हजेरी नव्वद टक्के, तमक्याने पाचशेवर प्रश्न विचारले, आणखी कुणाच्या नावावर डझनभर खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली. मग चौकात 'संसदेत अव्वल' असे फलक लागतात, आणि विरोधी गटातले लोक त्याच तक्त्यातला सोयीचा आकडा उचलून 'पाच वर्षांत काय दिवे लावले' म्हणून विचारतात. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात. त्या तक्त्यात मुख्य रकानाच नाही, याकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. कायद्यावर मत देणं हे खासदाराचं पहिलं काम. ते त्याने कसं केलं याची नोंद तिथे नसते, कारण बहुतेक वेळा ती कुठेच ठेवलेली नसते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. संसदेत मंजूर होणाऱ्या प्रत्येक विधेयकावर अंतिम टप्प्यात नावानिशी मतनोंद सक्तीची हवी, आणि पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरताच असायला हवा. यातली एकच गोष्ट करून भागणार नाही. व्हिप तसाच ठेवून नुसती नोंद केली तर ती पक्षाची नोंद होईल, माणसाची नव्हे. व्हिप काढून नोंदच ठेवली नाही, तर कोण कुणाच्या सांगण्यावरून फिरला ते आपल्याला कधीच कळणार नाही.

आधी प्रश्नांच्या मोजणीविषयी थोडं. लोकसभेत एका दिवसाला 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, तेही सोडत काढून. म्हणजे नशिबाचा भाग आहेच. उत्तरांची यादी उघडून पाहा: एकाच प्रश्नाखाली चार-चार, पाच-पाच नावं दिसतात, कारण शब्दशः तोच प्रश्न पाठवणाऱ्यांना एकत्र बांधलेलं असतं. त्यातला कुणाचा अभ्यास आणि कुणाच्या सहायकाची नक्कल, हे तक्ता सांगत नाही. जो खासदार मंत्री होतो त्याचे प्रश्न शून्य आणि हजेरीची नोंदही नाही, म्हणजे तो प्रगतिपुस्तकातून गायबच. आणि प्रश्न विचारणं हे मुळातच पुण्यकर्म असतं असं समजणाऱ्यांनी डिसेंबर 2005 आठवावा. पैसे घेऊन प्रश्न विचारायची तयारी दाखवल्याबद्दल अकरा खासदारांना संसदेने घरी पाठवलं. त्यातले दोघे आपल्या खानदेशातले होते. त्या काळी आजच्यासारखे तक्ते असते, तर त्या प्रश्नांचेही गुण त्यांच्या खात्यात जमा झाले असते.

आता मतदान प्रत्यक्षात कसं होतं ते पाहू. अध्यक्ष प्रस्ताव वाचतात, 'जे बाजूने आहेत त्यांनी होय म्हणावं', मग 'जे विरोधात आहेत त्यांनी नाही म्हणावं'. दोन्हीकडून आवाज उठतो. मोठा आवाज कुठला, हे अध्यक्ष ठरवतात आणि विधेयक मंजूर झाल्याचं जाहीर होतं. हे आवाजी मतदान. त्या निर्णयाला कुणी आव्हान दिलं तर मतविभागणी होते आणि कोण कुठल्या बाजूला ते इतिवृत्तात छापलं जातं. त्यातही लोकसभेच्या नियम 367 मध्ये एक फट आहे: मागणी अनावश्यक आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवरच उभं करून डोकी मोजू शकतात, आणि अशा वेळी नावं नोंदवायची नाहीत असं नियमातच लिहिलं आहे. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं म्हणून तिथे मोजणी टळत नाही. बाकी कायद्यांचं बहुतेक सगळं आवाजावर.

याने कुठले कायदे झाले? डिसेंबर 2023 मध्ये भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा हे तिन्ही मोडीत काढून भारतीय न्याय संहिता आणि तिची दोन भावंडं आली. अटक कधी करायची, कोठडी किती द्यायची, कुठल्या गुन्ह्याला फाशी, हे सगळं त्यात आहे. ती तिन्ही विधेयकं दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानाने मंजूर झाली, आणि त्या अधिवेशनात 146 खासदार निलंबित होते. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यसभेत शेतीविषयक विधेयकांवर विरोधकांनी मतविभागणी मागितली. सदस्य आपल्या जागेवर नाहीत या कारणावरून ती नाकारली गेली आणि गोंधळातच आवाजी मतदान झालं. वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर 2021 मध्ये तेच कायदे मागे घेतले, तेही चर्चेविना आणि आवाजीच. हे एकाच पक्षाचं पाप मानू नका. फेब्रुवारी 2014 मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने तेलंगणाचं विधेयक लोकसभेत आवाजी मतदानाने मंजूर करून घेतलं, आणि त्या वेळी सभागृहाचं थेट प्रक्षेपणही बंद पडलेलं होतं. एक राज्य दुभंगलं, पण कुठल्या खासदाराने हात वर केला याची यादी नाही.

याच्या शेजारी 1912 ठेवून पाहा. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च 1911 मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. आजच्या भाषेत ते खासगी विधेयकच. मागणी किती माफक होती बघा: ज्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण आधीच ठरावीक पातळीला पोचलं आहे, तिथल्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला वाटलं तर तिने सक्ती लागू करावी. वर्षभर त्यावर देशभर मतं मागवली गेली. मार्च 1912 मध्ये ते निवड समितीकडे पाठवण्याचा ठराव आला आणि 13 विरुद्ध 38 मतांनी पडला. ते तेरा कोण आणि अडतीस कोण, हे कामकाजात नावानिशी नोंदलं गेलं आहे. परक्यांचं राज्य, मूठभर लोकांना मताधिकार, कायदेमंडळाला धड अधिकारही नाहीत, आणि तरीही आज शंभराहून जास्त वर्षांनी आपण बोट ठेवून सांगू शकतो की गरिबाच्या पोराला शाळेत घालायला कोणाचा विरोध होता. भारतीय न्याय संहितेबाबत हे सांगता येईल का? तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराबाबत?

त्या अडतीसांत सरकारी अधिकाऱ्यांचा मोठा गट होता. त्यांना सरकारच्या बाजूनेच मत द्यावं लागे, स्वतःचं मत काहीही असो. गोखल्यांना हे ठाऊक होतं, विधेयक पडणार हेही ठाऊक होतं. आमच्या पिढीला देशाची सेवा अपयशांतूनच करावी लागणार, अशा आशयाचं ते तेव्हा बोलले. लोकनियुक्त संसदेतल्या पाचशे त्रेचाळीस जणांचं मत आज वरून आलेल्या आदेशाने ठरतं, तेव्हा त्या सरकारी गटाची आठवण यावी, ही गोष्ट काही शोभणारी नाही.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. लोक माणसाला मत देतात की पक्षाला? बहुतेक ठिकाणी चिन्हाला देतात. मग निवडून आल्यावर त्या चिन्हाच्या जाहीरनाम्याविरुद्ध मत द्यायचा हक्क खासदाराला कुणी दिला? 1967 साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द देशाला मिळाला. त्या दशकात राज्याराज्यांत सरकारं अशीच कोसळत होती. 1985 मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती होऊन दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं ते यासाठी. व्हिप सैल केला तर प्रत्येक विधेयकावर बाजार भरेल, उद्योगपती मतं विकत घेतील, ही भीती महाराष्ट्रात तरी कुणी हसण्यावारी नेऊ नये. 'खोके' म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

आक्षेप खरा आहे, पण उपाय रोगावर लागू पडला का? 2022 मध्ये महाराष्ट्रात जे झालं ते दहावं परिशिष्ट अस्तित्वात असतानाच झालं. सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये निकाल दिला, अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला, जानेवारी 2024 मध्ये अध्यक्षांनी दोन्ही गटांतल्या एकालाही अपात्र ठरवलं नाही. मधल्या काळात, 2023 मध्ये, दुसऱ्या पक्षात त्याच खेळाचा दुसरा अंक झाला. म्हणजे चाळीस जण एकत्र गेले तर कायदा हतबल, आणि एकच खासदार एखाद्या विधेयकावर 'हे माझ्या शेतकऱ्यांच्या मुळावर येईल' म्हणून वेगळं मत देऊ लागला तर त्याची खासदारकी जाण्याची टांगती तलवार. किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊकला मोकळीक, ही या कायद्यावरची मधु लिमये यांची टीका होती. एक तृतीयांशाच्या फुटीची सवलत 2003 मध्ये काढली, पण टीकेची धार त्यानंतरही बोथट झालेली नाही.

आणि ही काही चार हट्टी लोकांची तक्रार नाही. दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्ये सांगितलं की व्हिप मोडल्याची अपात्रता विश्वासदर्शक किंवा अविश्वास ठरावापुरती ठेवा. विधी आयोगाच्या 170व्या अहवालाने 1999 मध्ये जवळपास तेच म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने किहोटो होलोहान प्रकरणात 1992 साली दहावं परिशिष्ट वैध ठरवलं, पण व्हिपचा अर्थ मर्यादित घ्या असंही बजावलं: सरकारवरचा विश्वास, किंवा ज्या धोरणावर पक्षाने मतं मागितली तो गाभ्याचा विषय. पक्षांनी निकालातलं पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं सोडून दिलं. ब्रिटनमध्ये मार्च 2003 मध्ये इराक युद्धाच्या प्रश्नावर सत्ताधारी मजूर पक्षाच्या 139 खासदारांनी स्वतःच्या पंतप्रधानाविरुद्ध मत दिलं. सरकार पडलं नाही आणि कुणाची खासदारकीही गेली नाही. पक्ष त्यांना तिकीट नाकारू शकतो, पदं काढून घेऊ शकतो. पक्षशिस्तीला तेवढी हत्यारं पुरेशी नाहीत का?

आपल्याकडची गंमत अशी की खासदाराला जिथे मोकळीक आहे तिथे त्याचं मत गुप्त असतं. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत व्हिप चालत नाही. 1969 मध्ये इंदिरा गांधींनी अंतरात्म्याच्या आवाजाची हाक दिली ती अशाच गुप्त मतदानात, आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. याउलट जिथे पक्षाला धाक हवा तिथे मत उघड करून घेतलं गेलं. 2003 पासून राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते. जून 2022 मध्ये महाराष्ट्रात एका आमदाराचं मत बाद झालं, ते ती मतपत्रिका नको त्यांना दिसली म्हणून. म्हणजे पक्षाला दिसलं पाहिजे, शेजाऱ्याला नाही, आणि मतदाराचा तर प्रश्नच नाही. मतदाराचं मत गुप्त आणि प्रतिनिधीचं उघड, हा लोकशाहीचा साधा व्यवहार. आपण तो अर्धा उलटा करून ठेवला आहे.

नोंद असली की काय होतं, याची उदाहरणं थोडी आहेत, पण बोलकी आहेत. डिसेंबर 2019 मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानाच्या वेळी सभागृह सोडलं. मुंबईत नवं सरकार नुकतंच आलं होतं. लोकांनी जाब विचारला, पक्षाला उत्तरं द्यावी लागली. विचारता आलं, कारण मतविभागणी झाली होती. सप्टेंबर 2023 मध्ये महिला आरक्षण लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झालं. त्या दोघांतले एक औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. ओबीसी आणि मुस्लिम स्त्रियांना त्यात वेगळा वाटा नाही, ही त्यांच्या पक्षाची हरकत होती. पटो न पटो, त्यांच्या मतदाराला पुढच्या निवडणुकीला जाताना आपला माणूस कुठे उभा होता ते नेमकं माहीत होतं.

त्याआधीचं एक उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक 186 विरुद्ध 1 मतांनी मंजूर झालं. आदल्या दिवसापासून सभागृहात कागद फाडाफाडी सुरू होती, सात सदस्य निलंबित, मार्शल आत आलेले. ज्या पक्षांचा विरोध होता ते बाहेर तरी गेले, नाहीतर आलेच नाहीत. बसून, बटण दाबून 'नाही' म्हणणारा एकच: शरद जोशी. ज्यांनी 1986 मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून बायकोच्या नावावर जमीन करायला पुरुषांना उभं केलं, तेच. स्त्रियांना विरोध म्हणून हे मत त्यांनी दिलं असं कोण म्हणेल? आरक्षित मतदारसंघ फिरते ठेवण्याच्या रचनेवर त्यांचा आक्षेप होता: पुढच्या वेळी तो मतदारसंघ आपला राहणार नाही हे ठाऊक असेल, तर बाई तिथे पाय रोवेल कशाला? मला स्वतःला ते विधेयक तसंच मंजूर व्हायला हवं होतं असं आजही वाटतं. पण मतभेद कसा करावा, तर असा. आत बसून, नाव लिहून, कारण सांगून. आणि हे त्यांना जमलं याचं एक कारण उघड आहे: त्यांचा पक्ष इतका छोटा, की त्यांना व्हिप बजावणारं कुणी नव्हतं.

मतनोंदीचा गैरवापर होतो, हाही मुद्दा मान्य. अमेरिकेत जॉन केरी यांनी 2004 च्या निवडणुकीत, इराकसाठीच्या 87 अब्ज डॉलर्सच्या बाजूने आपण आधी मत दिलं आणि मग विरोधात, असं सांगितलं आणि ते वाक्य त्यांच्या मानेवर बसलं. दोन वेगवेगळे मसुदे होते, पण तीस सेकंदांच्या जाहिरातीत मसुदे कोण वाचतो? आपल्याकडे तर व्हॉट्सअॅप आहे. एखाद्या कलमाला विरोध म्हणून दिलेलं मत 'देशविरोधी' म्हणून फिरायला तासही लागणार नाही. पण नोंद नसल्याने हे थांबलंय का? आज खासदाराने न दिलेलं मतही त्याच्या नावावर खपवता येतं, आणि खोटं पाडायला त्याच्याकडे कागद नसतो. वेळेचा आक्षेप तर सोडूनच द्या. लोकसभेत मतनोंदणीचं यंत्र 1957 पासून आहे, बटण बाकावरच असतं.

राहिली खासगी विधेयकं. स्वातंत्र्यानंतर मंत्री नसलेल्या सदस्यांची चौदा विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 साली. मागच्या लोकसभेत सातशेहून जास्त मांडली गेली आणि चर्चेला आली जेमतेम दोन. शुक्रवारी दुपारी नाव पुकारलं, उठून 'मांडतो' म्हटलं, बसलं, झालं. म्हणून संख्येवरून कौतुक करणं फोल आहे, पण म्हणून 'यातून कायदा होतच नाही, सगळी नाटकं' हेही उथळ आहे. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असं सांगणारा गोलकनाथ खटल्याचा निकाल आला, त्यानंतर राजापूरच्या नाथ पै यांनी 1967 मध्ये संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा स्पष्ट करणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही. जानेवारी 1971 मध्ये नाथ पै गेले आणि त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती बरीचशी त्याच वाटेने झाली. तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक राज्यसभेने एप्रिल 2015 मध्ये मंजूर केलं, मग सरकारला आपलं आणावं लागलं, कायदा 2019 मध्ये झाला. गोखल्यांच्या विधेयकातली कल्पना मूलभूत हक्क व्हायला 2002 उजाडलं. खासगी विधेयक त्याच्यावर मतदान झालं तरच खरं उपयोगी. कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न घेण्याचा हक्क देणारं विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये मांडलं, नंतर पुन्हा मांडलं. त्यांचं मत कळलं. उरलेल्या सगळ्यांचं काय मत आहे? पुण्यातल्या आयटीवाल्याला आपल्या खासदाराचं त्याबाबतचं मत जाणून घ्यायचं असेल, तर ते मिळणार कुठे? व्हिप मर्यादित करणारं विधेयक मनीष तिवारी यांनी 2010 मध्ये आणि नंतरही आणलं. त्यावरही सभागृहाने कधी मत दिलेलं नाही. ते दिलं असतं तर या लेखातला अर्धा वाद नावांसकट समोर आला असता.

आता प्रश्न असा, की हे होत का नाही? सत्ताधाऱ्यांना नको हे समजू शकतं. पण व्हिपसाठी घटना बदलावी लागेल, मतनोंदीसाठी लागत नाही. सभागृहाने आपले नियम बदलले की झालं. आणि तोवर, आहे त्याच नियमात, जागेवर बसून आवाजी निकालाला आव्हान द्यायला मोठा गट लागत नाही. एखाद-दुसऱ्या सदस्याच्या मागणीवरही मतविभागणी झालेली आहे. विरोधी बाकांवरून ही मागणी प्रत्येक विधेयकावर का येत नाही? टीव्हीसमोर सभात्याग केला की निषेध होतो आणि मतही द्यावं लागत नाही. मतविभागणी झाली की, दुपारी सभागृहात भाषण ठोकून संध्याकाळी मतदानाला कोण जागेवर नव्हतं, ती यादीही छापून येते. डिसेंबर 2024 मध्ये एकत्र निवडणुकांचं विधेयक मांडताना मतविभागणी झाली, तेव्हा सत्ताधारी पक्षाचेच काही खासदार गैरहजर निघाले आणि त्याची बातमी झाली. तशी यादी विरोधी पक्षांनाही परवडणारी नाही. तुमच्या खासदाराचा पक्ष कुठलाही असो, पुढच्या वेळी तो प्रगतिपुस्तक घेऊन आला की त्याला प्रश्नांची संख्या विचारू नका. मतविभागणी किती वेळा मागितलीत, एवढं विचारा.